दुधरामने तलावाची खोली मोजली

पळसपेंढरी नावाचं एक गाव होतं. गावाला एक मोठा तलाव होता आणि त्या तलावावर दुधराम नावाचा एक भोळा नावाडी होता.

दुधरामच्या हातात वल्हं दिलं की डोंगा असा सरळ जायचा, की या काठावरून त्या काठावर कुणीतरी दोरी ताणून धरलीय असं वाटावं. पण त्याला काही काम सांगितलं, की मग पुढचं काही सांगता यायचं नाही. सांगाल ते तो करायचा. अगदी सांगाल तेच. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्याची बायको अंतकला पाण्याला गेली. जाताना म्हणाली, "मी येतपर्यंत भाताकडं पाहा." ती परत आली तेव्हा भाताचा कोळसा झाला होता आणि दुधराम पाहत बसला होता. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण नजर भातावरून हलली नव्हती.

आता, या तलावाच्या पोटात काय आहे ते गावात कुणालाच धड ठाऊक नव्हतं. फार पूर्वी तिथं जंगल होतं म्हणत. झाडं तोडली, पाळ बांधली, पाणी अडवलं. खोडं तशीच राहिली. मच्छीमारांची जाळी त्यांत अडकायची आणि फाटायची. गेल्या उन्हाळ्यात तर जाळं सोडवायला एकानं बुडी मारली आणि त्याचाच पाय खोडात अडकला. चौघांनी मिळून ओढला तेव्हा वर आला. तेव्हापासून बायका नवऱ्यांना तलावावर पाठवताना दारात उभ्या राहायला लागल्या.

म्हणून मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष अडकूजी यांनी नागपूरच्या नीलाक्षी मॅडमना बोलावलं. शिंपी जसा अंगाचं माप घेऊन सदरा शिवतो, तशी ही बाई तलावाचं माप घेऊन नकाशा करून द्यायची. ज्याचा तलाव, त्याच्या मापाचा नकाशा. तिचं एक यंत्र होतं. ते डोंग्याला बांधायचं. ते पाण्यात आवाज सोडायचं, आवाज तळाला आपटून परत यायचा, आणि यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळायची. डोंगा तलावभर ये-जा करणार, यंत्र सगळं टिपून ठेवणार, मग मॅडम संगणकावर नकाशा काढणार. कुठं खोल, कुठं उथळ, कुठं खोडं, सगळं कागदावर.

अडकूजींनी दुधरामला बोलावलं. "दुधराम, तुझ्याएवढा सरळ डोंगा कोणी हाकत नाई. काम नीट झालं तं तो नकाशा तुझ्या हातात. सगळ्यांच्या पुढं तुझा डोंगा चालंल. अन् बिघडलं, तं वल्हं माझ्या अंगणात आणून ठेवजो."

दुधरामला त्या दिवशी दोन घास जास्त गेले. सगळ्यांच्या पुढं आपला डोंगा! अंतकलाला मात्र काळजी लागली. ती म्हणाली, "हे पाहा, ते सांगतील तेवढंच करा. आपलं डोकं चालवू नका."

"मी कधी चालवलं वो?" दुधराम म्हणाला.

ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "दुधरामभाऊ, मी उद्या नऊला पोचते. सोनार गावात आहेच. तो सकाळी डोंग्याच्या कडेला घट्ट बांधून ठेवा. आणि अर्धा पाण्यात राहू द्या हं, नाहीतर काही उपयोग नाही."

त्या यंत्राचं नाव सोनार. यंत्राची पेटी आदल्या दिवशीच अडकूजींच्या घरी येऊन पडली होती. हे दुधरामला कुणी सांगितलं नव्हतं. पण गावात सोनार आहे हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

कवडू सोनार सकाळी दुकानात बसून एका नथीवर फुंकणी फुंकत होता. दुधराम दारात उभा राहिला. "कवडूभाऊ, नागपूरच्या मॅडमला तुमी पायजे."

"मी? कायला?"

"तुमच्याबिगर काम होतच नाई म्हणाल्या."

कवडूला वाटलं, बाईची अंगठी पाण्यात पडली असावी, नाहीतर मोठी दागिन्यांची ऑर्डर असावी. त्यानं धुतलेला सदरा घातला, खिशात छोटा तराजू टाकला आणि निघाला. तलावावर आल्यावर दुधरामनं त्याला डोंग्याच्या कडेला उभं केलं आणि दोरानं बांधायला सुरुवात केली.

"हे काहून गा?"

"घट्ट पायजे म्हणाल्या."

"अन् पाण्यात?"

"अर्धाच. पुरा नाई."

अर्धाच म्हटल्यावर कवडूला जरा बरं वाटलं.

नऊ वाजता नीलाक्षी मॅडम आल्या. बघतात तर डोंग्याला कमरेपर्यंत पाण्यात बुडालेला एक इसम बांधलेला. त्याचे दात वाजतायत. सदऱ्याच्या खिशातून तराजूचं एक पारडं लोंबतंय.

"हे कोण?"

"सोनार," दुधराम म्हणाला. "घट्ट हाये. हलवून पाहा."

मॅडम दोर सोडवायला धावल्या. पाळीवर श्रावणातला चिखल होता. पाय घसरला, घोटा मुरगळला आणि त्या तिथंच मट्‌कन बसल्या. त्यांनी डोंग्यात चढावं हा बेतच मोडला. पाय उशीवर ठेवून त्यांना चिंचेच्या सावलीत बसावं लागलं आणि तलावातलं सगळं काम दुधरामवर येऊन पडलं.

कवडूला सोडवलं. तो थरथरत म्हणाला, "तू तोंड उघडलं म्हणून मी आलो! याच्यापुढं तलावावर तोंडच उघडू नको!"

मॅडमही म्हणाल्या, "हो भाऊ. यंत्र आवाजावर चालतं. डोंग्यात गडबड नको. गप वल्हवत राहा, या काठापासून त्या काठापर्यंत, मग थोडं सरकून परत."

"माजंच चुकलं," दुधराम म्हणाला. "आता तसंच करतो."

आणि त्यानं ओठ मिटले.

पेटी आली. यंत्र डोंग्याला बसवलं. त्याचा छोटा पडदा दुधरामच्या समोर लावला. पडद्यावर आकडे यायला लागले. चार फूट, सात फूट, अकरा फूट. दुधरामनं डोंगा असा सरळ नेला, की मॅडम घोटा विसरून बघत राहिल्या. इतकी सरळ रेघ त्यांनी मोठ्या मोटारबोटीचीही पाहिली नव्हती.

तिसऱ्या फेरीला वल्ह्याचा धक्का लागून तार निसटली. पडदा काळा झाला. दुधरामनं पाहिलं. तार पायाशी लोंबत होती, तीही पाहिली. पण तोंड उघडायचं नव्हतं. त्यानं वल्हं मारलं.

दुपारी मॅडमनी काठावरून हाक मारली, "दुधरामभाऊ, सगळं ठीक?"

दुधरामनं बोट ओठांवर ठेवलं.

'किती मन लावून करतोय माणूस,' मॅडमना वाटलं.

संध्याकाळी त्यांनी यंत्रातलं कार्ड संगणकात घातलं. दोन रेघा होत्या, तिसरी अर्धी, आणि पुढं काहीच नाही.

"पडदा काळा झाला होता?"

दुधरामनं मान हलवली.

"तुम्हाला दिसला होता?"

पुन्हा मान हलवली.

"मग सांगितलं का नाही? बोला ना! आता तलावावर नाही आहोत आपण!"

दुधरामनं मागं वळून बघितलं. तलाव वीस पावलांवर होता. तो आणखी दहा पावलं लांब गेला आणि मग म्हणाला, "कवडूभाऊनं तोंड उघडू नको म्हटलं होतं."

मॅडमनी मोठा श्वास घेतला. "हे बघा. डोंग्यातून काहीही वेगळं दिसलं, नेहमीपेक्षा काहीही निराळं, तर लगेच ओरडून सांगायचं. मला इथं ऐकू आलं पाहिजे."

"माजंच चुकलं. आता तसंच करतो."

दुसऱ्या दिवशी तो ओरडायला तयार होऊनच निघाला. पहिल्या फेरीत आवाज आला, "मॅडम! दोन पायांवर उभा बगळा!" बगळा एका पायावर उभा असतो, हा दोन पायांवर होता, म्हणून. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे. दुसऱ्या फेरीत, "मॅडम! ढग म्हशीसारखा!" मॅडमनी हात हलवला. काम चालू होतं, रेघा सरळ पडत होत्या, त्यांना तेवढंच हवं होतं.

पाचव्या फेरीत डोंगा पलीकडच्या काठाला गेला. तिथं बेशरमाची दाट झुडपं होती. झुडपाआड कुणीतरी डोक्यावर दुपट्टा घेऊन बसलं होतं. हातात गळ होता. शेजारी टोपलीत तीन मासे तडफडत होते.

पावसाळ्यात मासे अंडी घालतात म्हणून संस्थेनं दोन महिने मासेमारी बंद ठेवली होती. तसा फलक पाळीवर लावला होता. फलकाखाली सही अडकूजींची होती.

दुधरामनं दुपट्ट्याखाली वाकून बघितलं. मग छाती भरून हवा घेतली.

"मॅडम! वेगळं दिसलं! अध्यक्षसाहेब गळ टाकून बसले! तीन मासे हायेत! एक मोठा हाये!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. पाळीवरची गुरं हाकणारे थांबले. कवडू सोनार दुकानातून बाहेर आला आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदाच हसला.

अडकूजींनी संध्याकाळी दुधरामला गाठलं. चेहरा तापलेला होता. "काहून गा, माणसाची काही लाज? असं काही दिसलं, तं मान खाली घालायची अन् दुरून निघून जायचं. काही पाहिलंच नाई असं. समजलं?"

"समजलं. माजंच चुकलं. आता तसंच करतो."

रात्रीच्या जेवणाला अंतकलानं विचारलं, "अध्यक्ष एवढे काहून रागावले? काम तं बरं चाललंय म्हणतात."

"मी त्यांच्याकडं पाहिलं," दुधराम म्हणाला. "पाहायचं नसते."

तिसऱ्या दिवशी डोंगा तलावाच्या मधल्या भागात पोचला. इथंच ती खोडं होती, ज्यांच्यापायी जाळी फाटत आणि ज्यांच्यापायी हा सगळा खटाटोप होता. पाण्याबाहेर त्यांची दोन-चार टोकं तेवढी दिसत होती, काळी, ओली, साल गळून गेलेली. एकाच्याही अंगावर काही नव्हतं.

दुधरामनं ती पाहिली. लगेच मान खाली घातली. मान खाली घालूनच त्यानं डोंगा वळवला आणि खोडांना मोठा वळसा घालून दुरून निघून गेला. परतीच्या फेरीतही तसंच. त्याच्या पुढच्या फेरीतही. दिवसभरात त्यानं त्या खोडांकडं एकदाही वर मान करून बघितलं नाही. संध्याकाळी मान दुखत होती, पण आपण कुणाची लाज घालवली नाही याचं समाधान होतं.

मॅडमनी संगणक उघडला. तलावाच्या चारी बाजूंना रेघा छान उमटल्या होत्या. मधोमध मात्र एक मोठं भोक होतं. जिथं माहिती हवी, नेमकं तिथंच काही नाही.

"दुधरामभाऊ, इथं का नाही गेलात?"

दुधराम दोन पावलं जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तिथं खोडं उभी होती, मॅडम. उघडी."

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. मग संगणकाकडं बघितलं. मग घोट्याकडं. "अहो, खोडांसाठीच तर आलोय आपण! पाण्यातून लाकूड वर आलेलं दिसलं की दुरून जायचं नाही, त्याच्या वरूनच जायचं. एकदा नाही. तीनदा उभं आणि तीनदा आडवं. एक इंचही सोडायचा नाही!"

"माजंच चुकलं. आता तसंच करतो."

चौथ्या दिवशी सकाळी तो खोडांवर गेला. तीनदा उभा, तीनदा आडवा. पडद्यावर बारा फूट, मग एकदम चार, पुन्हा बारा, पुन्हा तीन. फेऱ्या संपल्यावर मॅडमनी कार्ड संगणकात घालून पाहिलं. एकेक खोड उठून येत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुधरामला इतका आनंद झाला, की आता पाण्यातून वर आलेलं एकही लाकूड सोडायचं नाही असं त्यानं ठरवलं.

तलावाच्या उगवतीच्या कोपऱ्यात पुस्तकलाबाईंचे शिंगाडे होते. विधवा बाई, एकटीनं वेल लावले होते. हिरवी पानं पाण्यावर पसरली होती, आणि आपली हद्द कळावी म्हणून चारी बाजूंना बांबूचे खुंट रोवले होते. ते पाण्यातून वर आले होते. लाकूडच ते.

दुधरामनं डोंगा घातला. तीनदा उभा.

पुस्तकलाबाई काठावरून ओरडल्या, "अरे! अरे! माझे शिंगाडे!"

तीनदा आडवा.

सहाव्या फेरीला डोंगा बाहेर आला तेव्हा त्याला हिरवी दाढी फुटली होती. यंत्राभोवती, वल्ह्याभोवती, दुधरामच्या पायाभोवती वेलच वेल गुंडाळले होते. पुस्तकलाबाई गुडघाभर पाण्यात येऊन उभ्या राहिल्या. रडावं की मारावं ते त्यांना कळत नव्हतं.

"तुला कोणी सांगतलं माझ्या वेलांवर जायला?"

"एक इंचही सोडू नको म्हणाल्या."

"अरे, दुसऱ्याचं काही असलं तं आधी विचारावं! हात लावू का म्हणून विचारावं! समोरच्यानं हो म्हटलं, तं लावावा. नाई म्हटलं, तं थांबावं. काहीच नाई म्हटलं, तरी थांबावं!"

दुधरामला खरंच वाईट वाटलं. तो डोंग्यातून उतरला आणि दिवस मावळेपर्यंत पुस्तकलाबाईंबरोबर एकेक वेल सोडवून पुन्हा पाण्यात बसवत राहिला. मॅडमही लंगडत येऊन काठावर बसल्या आणि गुंता सोडवू लागल्या. बरेचसे वेल वाचले. जाताना पुस्तकलाबाईंनी दुधरामला गुळाचा खडा दिला. "मनानं चांगला हायेस रे," त्या म्हणाल्या. "पण विचारत जा."

"माजंच चुकलं. आता तसंच करतो."

पाचवा दिवस शेवटचा. पाळीजवळच्या उथळ पट्टीतल्या चारच रेघा राहिल्या होत्या. अडकूजी दुसऱ्या डोंग्यात बसून पाहणीला आले. गळाचं प्रकरण लोकांनी विसरावं म्हणून त्यांना आपण काम करताना दिसायचं होतं. घाटावर बायका दिसल्या तसे ते डोंग्यात उभे राहिले, कमरेवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "हां, असंच सरळ—"

डोंग्यात असं उभं राहायचं नसतं. डोंगा कलंडला. अडकूजी पाण्यात गेले.

"बुडालो! वाचवा! दुधराम!"

दुधरामचा डोंगा चार हातांवर होता. त्यानं दोन वल्ह्यांत तो जवळ नेला. वाकून हात पुढं केला, आणि मग थांबला.

"साहेब, हात लावू का?"

"बुड् बुड् बुड्," अडकूजी म्हणाले.

दुधरामनं नीट ऐकलं. यात हो नव्हतं. नाही पण नव्हतं.

"साहेब, लावू का हात?"

अडकूजींचं डोकं वर आलं, तोंडातून पाण्याची चूळ उडाली, डोकं खाली गेलं. माणूस डोळ्यांसमोर बुडत होता आणि हो म्हणत नव्हता. "एकदा हो म्हणा ना, साहेब!" तो रडकुंडीला आला. "मी केव्हाचा हात पुढं करून ठेवलाय!"

घाटावर आरडाओरडा सुरू झाला. मॅडम चिंचेखालून ओरडल्या, "दुधरामभाऊ! तिथं पाणी किती आहे?"

दुधरामनं पडद्याकडं बघितलं. "तीन फूट दोन इंच!"

सगळ्या घाटानं ते ऐकलं.

अडकूजींनीही ऐकलं. त्यांनी हातपाय मारणं थांबवलं. मग हळूच उभे राहिले. पाणी कमरेपर्यंत होतं. डोक्यावर शेवाळ होतं. ते कुणाकडंही न बघता चालत चालत पाळीवर गेले आणि तसेच चालत घरी गेले.

दुधराम किनाऱ्याला आला. आता वल्हं त्यांच्या अंगणात नेऊन ठेवावं लागणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. अंतकलाला काय सांगायचं? पण मॅडम हसत होत्या. इतक्या हसत होत्या की डोळे पुसत होत्या.

"बघितलंत ना, भाऊ? पाण्याकडं बघून सगळे घाबरले होते. आकडा बघितला आणि माणूस वाचला. म्हणून सांगते, आता यापुढं पाण्यात बघायचं नाही. पाण्यात तळ दिसत नसतो. कुणी काहीही विचारलं, काहीही सांगितलं, की नकाशात बघायचं. नकाशा म्हणजेच तुमचा तलाव. एवढं एक पक्कं लक्षात ठेवा."

"नकाशा म्हणजेच तलाव," दुधराम म्हणाला. "तसंच करतो."

अडकूजींनी वल्हं मागितलं नाही. तीन फुटांची गोष्ट पुन्हा कुणी काढू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. मॅडम नागपूरला गेल्या आणि आठ दिवसांनी नकाशा घेऊन परत आल्या. घोटा बरा झाला होता.

नकाशा पाहायला सगळं गाव लोटलं. चांगला खाटेएवढा होता, जाड फ्लेक्सवर छापलेला. काठाशी फिकट पिवळा, मग हिरवट, मग आभाळासारखा, मग गडद निळा. गोल गोल रेघा, लाकडाच्या ओंडक्यावर असतात तशा, आणि रेघेरेघेवर आकडा. खोडं लाल ठिपक्यांनी दाखवली होती, सत्तेचाळीस. ज्याचा पाय अडकला होता त्यानं बोट ठेवून आपलं खोड ओळखलं आणि बराच वेळ बोट उचललं नाही. पुस्तकलाबाईंची शिंगाड्यांची चौकटसुद्धा होती, बारीक हिरव्या रेघांत. दक्षिणेच्या बाजूला सगळ्यात गडद निळा डाग होता. तिथं लिहिलं होतं, अठ्ठावीस फूट. एवढा मोठा डोह आपल्या तलावात आहे हे म्हाताऱ्यांनाही माहीत नव्हतं.

"एक रेघ वाकडी नाही," मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हे दुधरामभाऊंचं काम आहे."

अंतकला बायकांत उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. दुधरामनं ते पाहिलं आणि त्याची छाती फुगली.

त्याच दिवशी मत्स्यबीज सोडायचा कार्यक्रम होता. जिल्ह्याहून साहेब आले होते. पाळीवर मांडव घातला होता. मोठ्या टेबलावर नकाशा अंथरला होता, साहेबांना नीट दिसावा म्हणून. बाजूला प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्या होत्या, आणि प्रत्येक पिशवीत पाणी आणि बोटाच्या पेराएवढी हजारो पिल्लं. डोंगा पाळीला लावून तयार होता. वर्षाची सगळी मासळी त्या पिशव्यांत होती.

साहेबांनी भाषण केलं. मग विचारलं, "पिल्लं कुठं सोडायची?"

अडकूजींनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं. "इथं. हे सगळ्यात गडद निळं आहे ना, इथं खोल आहे. उन्हाळ्यातही पाणी राहील. दुधरामभाऊ, पहिली पिशवी तुम्ही सोडा. बरोबर इथंच सोडा हं, इकडंतिकडं नको."

हा मान दुधरामचा होता. सगळं गाव बघत होतं. त्यानं पिशवी लेकरासारखी छातीशी धरली. एकदा तलावाकडं नजर गेली, ती त्यानं लगेच आवरली. पाण्यात बघायचं नाही. तो टेबलाजवळ आला. गडद निळा डाग शोधला. अठ्ठावीस फूट. त्यानं पिशवीची गाठ सोडली, ओणवा झाला आणि सगळी पिशवी बरोबर त्या डागावर रिकामी केली. एक थेंब इकडंतिकडं जाऊ दिला नाही.

पाणी साहेबांच्या मांडीवर गेलं. पिल्लं पिवळ्यावर, हिरव्यावर, लाल ठिपक्यांवर टणाटण उडायला लागली.

"धरा! धरा!" अडकूजी ओरडले. मग काय, कुणी तांब्या घेतला, कुणी पदराची झोळी केली, साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. पुस्तकलाबाई टेबलाखाली शिरल्या. कवडू सोनारानं दागिने उचलायच्या हातानं एकेक पिल्लू अलगद चिमटीत धरलं. मॅडमनी आपली पाण्याची बाटली उपडी धरून अर्धी रिकामी केली आणि उरलेल्या पाण्यात पिल्लं भरली. ओंजळी-ओंजळीनं सगळे पाळीवरून खाली धावत होते आणि पाण्यात सोडून परत येत होते. घटकाभरात टेबल मोकळं झालं.

दुधराम एकटा तिथंच उभा होता. तो नकाशावर वाकला होता. अठ्ठावीस फूट लिहिलं होतं तिथं त्यानं आपलं बोट सरळ उभं धरून बुडवून बघितलं. नखसुद्धा पुरतं भिजलं नाही. त्यानं पुन्हा बुडवून बघितलं.

मॅडम धापा टाकत, भिजलेल्या, परत आल्या. दुधरामला त्यांची फार दया आली. चारचौघांत बोलून कुणाची लाज घालवू नये, म्हणून तो अगदी जवळ गेला आणि त्यांच्या कानाशी हळूच म्हणाला,

"मॅडम, कोणाला सांगू नका. पण तुमचं माप चुकलं हाये. इथं तं पाणीच नाई."